पोटातील अवयवांचा रक्तस्राव थांबवणारी औषधे : प्राण्यांवरची चाचणी कशी असावी?

जांबोटीवाट

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली असून सध्या बेळगावात औषधशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. प्रबंधाचा विषय ठरवण्याची वेळ आली आहे आणि त्याबद्दल येथील पशुवैद्य, शल्यचिकित्सक आणि शेतकरी सभासदांचे मत मला हवे आहे.

आमच्याकडे विळा लागला किंवा जनावर तारेत अडकून फाटले, तर बांधावरचा दगडी पाला चुरगळून त्याचा रस जखमेवर पिळतात. रक्त थांबते, असा सर्वांचा अनुभव आहे. या पाल्याच्या अर्काने परीक्षानळीतले रक्त लवकर गोठते, असे सांगणारे शोधनिबंधही प्रसिद्ध झालेले आहेत. या अर्काची कोरडी पूड करावी, भूल दिलेल्या पांढऱ्या उंदराच्या यकृताला ठरावीक आकाराचा छेद देऊन ती तेथे टाकावी आणि रक्त थांबायला किती वेळ लागतो ते मोजावे, असा माझा विचार आहे. अपघातात यकृत किंवा प्लीहा फाटून माणसेही दगावतात आणि जनावरेही. टाक्यांनी न थांबणाऱ्या त्या रक्तस्रावावर एखादे स्वस्त औषध मिळाले, तर तालुक्याच्या लहान दवाखान्यांना त्याचा मोठा आधार होईल, असे मला मनापासून वाटते.

मात्र प्रत्येक छेदामागे एक जीव जाणार आहे. म्हणून विचारते की त्वचेवरच्या जखमेवरून यकृताकडे अशी थेट उडी घेणे योग्य आहे का? आणि प्राणी वापरायचाच असेल, तर त्याचा जीव वाया गेला नाही असे म्हणता येण्यासाठी चाचणीत किमान काय असले पाहिजे?

येळ्ळूरशिवार

ताई, माझा अनुभव आपल्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. दगडी पाला, ज्याला काही जण कंबरमोडी म्हणतात, मी बैलांच्या जखमांवर अनेकदा लावला आहे. रस पिळल्यावर आम्ही जुन्या लुगड्याच्या धडप्याने जखम घट्ट दाबून धरतो आणि वरून पट्टी आवळतो. नुसता रस टाकून हात काढून घेतला आणि रक्त थांबले, असे मी कधी पाहिलेले नाही. शिंग मुळातून मोडले तर चिळकांडी उडते. तेव्हा पाल्याचा काही उपयोग होत नाही, डॉक्टरांना बोलावून रक्तवाहिनी बांधावी किंवा डागावी लागते.

नमुना_निष्कर्ष

येळ्ळूरच्या काकांनी प्रयोगाच्या रचनेतला सर्वांत मोठा प्रश्न मांडला आहे. रक्त पाल्याने थांबले की दाबाने? या दोहोंची फारकत करण्यासाठी एका गटावर पूड आणि दाब, दुसऱ्या गटावर तेवढाच वेळ आणि तेवढ्याच वजनाचा नुसता दाब, आणि तिसऱ्या गटावर पुडीऐवजी बाजारात प्रस्थापित असलेले एखादे रक्तस्तंभक (रक्त थांबवणारे औषध) आणि तेवढाच दाब, असे गट लागतील. चौथा गटही हवा: त्यात अर्काऐवजी कोणतीही निरुपद्रवी कोरडी पूड, उदाहरणार्थ स्टार्च. कोणतीही कोरडी पूड पाणी शोषून घेते आणि त्यामुळे त्या जागेवरच्या बिंबिका (प्लेटलेट) व गोठणघटक (रक्त गोठवणारी प्रथिने) दाट होतात. तो गुण पुडीच्या कोरडेपणाचा असेल आणि आपण त्याचे श्रेय वनस्पतीला देऊन बसू.

कोणता उंदीर कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, आणि तीही छेद देऊन झाल्यावर उघडावी. छेद देणाऱ्याला आधीच गट ठाऊक असेल, तर हात नकळत हलका किंवा जड पडतो. पूड टाकणाऱ्यापासून गट लपवणे कठीण आहे, पण रक्त मोजणाऱ्यापासून लपवता येतो. हे झाले नाही तर बाकीच्या काटेकोरपणाला फारसा अर्थ उरत नाही.

घाटप्रभा

मी शल्यचिकित्सक आहे. पुणे–बंगळूर महामार्गावरचे अपघातग्रस्त आमच्याकडे येतात, म्हणून यकृताच्या रक्तस्रावाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण चाचणी ज्या प्रसंगासाठी करायची तो प्रसंगच डोळ्यांसमोर नसेल तर तिची रचना चुकते.

हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाव हिस्सा यकृतात जातो आणि त्यातला बराचसा, साधारण तीन चतुर्थांश, प्रवेशिका नीलेतून (आतड्यांकडून यकृतात येणाऱ्या शिरेतून) म्हणजे कमी दाबाने येतो. त्यामुळे फाटलेल्या यकृतातून एका ठिकाणाहून चिळकांडी उडण्याऐवजी बहुधा सगळ्या पृष्ठभागातून रक्त पाझरते. बांधायला एकच रक्तवाहिनी सापडत नाही आणि टाके घालावेत तर भिजलेल्या पावाला दोरा ओढावा तसा तो ऊतीतून निसटतो. आम्ही आधी हाताने दाबतो, गरज पडल्यास यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा देठ चिमटतो (ग्लासगोचे प्रिंगल यांनी १९०८ मध्ये वर्णन केलेली ही युक्ती आजही वापरली जाते), आणि तरीही थांबले नाही तर यकृताभोवती गॉजच्या घड्या बसवून पोट तात्पुरते बंद करतो व एक-दोन दिवसांनी पुन्हा उघडतो. वरून लावायच्या औषधाची पाळी या सगळ्यानंतर, उरलेल्या पाझरासाठी येते.

या औषधांचे ढोबळमानाने दोन वर्ग आहेत. जिलेटीनचा स्पंज आणि ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजची जाळी ही १९४० च्या दशकापासून वापरात असलेली साधने रक्ताला गोठण्यासाठी आधार देतात, पण गोठण्याचे काम रुग्णाच्या स्वतःच्या रक्तानेच करायचे असते. दुसऱ्या वर्गात फायब्रिनचा लेप येतो. त्यात फायब्रिनोजेन आणि त्यापासून फायब्रिनचे जाळे बनवणारे थ्रॉम्बिन दोन्ही बाहेरून दिले जातात आणि गुठळी जागेवरच तयार होते. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. ही विभागणी महत्त्वाची का, तर माझ्यासमोर येणारा रुग्ण निरोगी नसतो. त्याचे बरेच रक्त वाहून गेलेले असते, अंग गार पडलेले असते, रक्त आम्लधर्मी झालेले असते आणि गोठणशक्ती जवळपास संपलेली असते. पहिल्या वर्गातले औषध नेमके तेव्हाच तोकडे पडते.

म्हणून तरुण, निरोगी, उबदार उंदराच्या यकृतावर मिळालेले उत्तर मला माझ्या रुग्णाविषयी फार थोडे सांगते. उंदराचे रक्त माणसाच्या रक्तापेक्षा लवकर गोठते. त्याच्या रक्तातील बिंबिकांची संख्याही माणसाच्या दीड ते साडेचार लाखांच्या तुलनेत बरीच जास्त असते. लहान छेद असेल तर काहीही न लावता रक्त थांबेल, आणि सर्व गट सारखेच चांगले दिसतील.

जांबोटीवाट

डॉक्टर, मनापासून आभार. मग उंदराला आधी हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध देऊन त्याची गोठणशक्ती मंद करावी, असे आपले म्हणणे आहे का?

घाटप्रभा

होय, हेपॅरिन दिलेला एक स्वतंत्र गट हवाच. मात्र हेपॅरिनने आलेली मंदता आणि रक्त वाहून गेल्यामुळे आलेली मंदता एक नव्हे. हेपॅरिन मुख्यतः थ्रॉम्बिन आणि दहाव्या क्रमांकाच्या गोठणघटकाला अडवते. मोठ्या रक्तस्रावात फायब्रिनोजेन आणि बिंबिका यांचाच तुटवडा होतो आणि त्यात थंडीची भर पडते. दुसरी स्थिती निर्माण करण्यासाठी थोडे रक्त काढून त्याऐवजी सलाइन देतात व शरीराचे तापमान उतरू देतात. हे उंदरात करता येते, पण मोठ्या प्राण्यात अधिक नीट जमते.

मलप्रभाकाठ

मी या चर्चेत वेगळ्या बाजूने बोलणार आहे, आणि ते कोणाला दुखावण्यासाठी नाही. येथे पहिल्या काही प्रतिसादांतच चार-पाच गट, हेपॅरिनचा गट, रक्त काढलेला गट असे वाढत चालले आहे. प्रत्येक गट म्हणजे जिवंत प्राणी. रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी प्राण्यांवरील प्रयोगांसाठी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे, म्हणजे पर्याय शोधणे, संख्या कमी करणे आणि वेदना कमी करणे, ही सर्वांना तोंडपाठ असतात, पण प्रत्यक्षात पहिल्या तत्त्वावर एक परिच्छेद लिहून लोक थेट तिसऱ्याकडे जातात. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती काढली. आपल्याकडेही २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत प्राण्यांशिवायच्या पद्धतींना जागा देण्यात आली. असे असताना एका प्रबंधासाठी, ज्याचे औषध होण्याची शक्यता कमी आहे, उंदरांची पोटे का फाडावीत? प्राणी लागतोच हे आधी दाखवा, मग किती आणि कसे ते बोलू.

येळ्ळूरशिवार

मलप्रभाताईंचे म्हणणे मला पटते. शेतकऱ्यालाही जनावर उगीच मेलेले सोसत नाही.

निपाणीचा_पशुवैद्य

मलप्रभाताई, आपला आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी प्रयोग करणाऱ्यावरच आहे. मी माझ्या कामातले थोडे सांगतो.

आमच्या भागात वाहनाची धडक बसलेले कुत्रे येते, वरून एकही जखम दिसत नाही, पण हिरड्या पांढऱ्याफटक पडलेल्या असतात आणि पोटात सुई घातली तर न गोठणारे रक्त येते. प्लीहा फाटलेली असेल तर ती काढून टाकता येते, कुत्रा प्लीहेशिवाय जगतो. यकृत काढता येत नाही. तेथे जिलेटीनचा स्पंज ठेवून, वर गॉज दाबून, घड्याळाकडे पाहत थांबणे एवढेच हाती असते, आणि तालुक्याच्या गावात कुत्र्यांसाठी रक्तपेढी नाही. कुत्र्यांमध्ये परक्या रक्तगटाविरुद्ध नैसर्गिक प्रतिपिंडे फारशी नसल्याने पहिल्या वेळी दिलेले दुसऱ्या कुत्र्याचे रक्त बहुधा चालून जाते, म्हणून ओळखीच्या घरातला धट्टाकट्टा कुत्रा आणून रक्त घ्यावे लागते. अशा वेळी चांगले रक्तस्तंभक माझ्याजवळ असावे असे मला फार वाटते. तेव्हा या चाचण्यांचा फायदा प्राण्यांनाही होतो, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

परंतु दुसरीही बाजू आहे. उसाच्या पट्ट्यात उंदीर मारण्याचे औषध खाल्लेली कुत्री येतात. त्या विषाने जीवनसत्त्व 'के'चे काम थांबते, यकृतात गोठणघटक तयार होत नाहीत आणि छातीत, पोटात, सांध्यांत रक्त साठत जाते. गोचिडतापातही बिंबिका घसरून नाकातून रक्त येते. या दोन्ही आजारांत एखाद्या जागी लेप लावून काही साधत नाही. पहिल्यात 'के-१' काही आठवडे द्यावे लागते, दुसऱ्यात डॉक्सिसायक्लिन. सांगायचे असे की 'अंतर्गत रक्तस्राव' या एका नावाखाली वेगवेगळे आजार येतात आणि वरून लावायचे औषध त्यांतल्या एका लहान भागापुरतेच आहे. प्रबंधाच्या प्रस्तावात तो भाग कोणता, हे पहिल्याच पानावर लिहिलेले असावे.

प्राण्याविषयी म्हणाल तर डुकराचे यकृत आणि रक्ताभिसरण माणसाशी जवळचे आहे, म्हणून परदेशात यकृताच्या मोठ्या जखमांचे बहुतेक काम डुकरांवर झाले. त्यातही एक खुबी आहे. डुकराची प्लीहा रक्तस्राव होताच आकसते आणि साठवलेले रक्त शरीरात सोडते, त्यामुळे काही संशोधक ती आधीच काढून टाकत. कुत्र्याचीही प्लीहा अशीच आकसते. ही गोष्ट ध्यानात घेतली नाही तर औषधाने जीव वाचवला की प्लीहेने, हे कळत नाही.

सध्या_चाकण

मूळचा संकेश्वरचा, नोकरीनिमित्त चाकणला. वैद्यकीय साधनांच्या नियमनाशी माझा कामाचा संबंध आहे. मलप्रभाताईंनी प्राणी लागतोच हे दाखवा म्हटले, त्याबद्दल तीन उदाहरणे देतो. तिन्ही जगजाहीर आहेत.

पहिले झिओलाइट या खनिजाच्या दाण्यांचे. २००२ च्या सुमारास अमेरिकी सैन्यासाठी हे दाणे आले. ते रक्तातले पाणी शोषून घेत आणि रक्त लवकर गोठे, पण शोषताना एवढी उष्णता निर्माण होई की आजूबाजूची ऊती भाजे. परीक्षानळीत हे गोठणे उत्तमच दिसले असते. पुढे त्याची जागा केओलिन (एक पांढरी माती) लावलेल्या गॉजने घेतली, ज्यात अशी उष्णता नाही. केओलिन बाराव्या गोठणघटकाला चेतवून गोठण्याची साखळी सुरू करते.

दुसरे स्मेक्टाइट नावाच्या चिकणमातीच्या दाण्यांचे. रक्त थांबवण्यात ते इतके प्रभावी ठरले की सैन्याने ते स्वीकारले. मग डुकरांवरच्या सुरक्षिततेच्या अभ्यासात असे दिसले की ते रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा करतात, वाहिनीत गुठळ्या होतात आणि कण फुप्फुसापर्यंत पोहोचतात. २००९ मध्ये त्याचा वापर थांबवण्यात आला. हा अभ्यास जिवंत, रक्त वाहत असलेल्या शरीराशिवाय झाला नसता.

तिसरे कायटोसानच्या पट्टीचे. कोळंबीच्या कवचापासून मिळणारा हा पदार्थ धनभारित असल्याने तांबड्या पेशींना चिकटवतो आणि गोठणघटक कमी असतानाही काम करतो. डुकरांच्या यकृताच्या मोठ्या जखमांवर २००३ मध्ये त्याचे परिणाम फार आशादायक आले. नंतर महाधमनीच्या छिद्रावर लावल्यावर ती पट्टी सुरुवातीला धरून राहिली, पण काही तासांत सुटली. पहिल्या अर्ध्या तासात निरीक्षण संपवले असते तर हे कळलेच नसते.

म्हणजे प्राणी लागतो तो औषध रक्त थांबवते का हे पाहण्यासाठी तितका नाही, जितका ते आत राहिल्यावर काय करते आणि किती वेळ टिकते हे पाहण्यासाठी. मूळ प्रस्तावात फक्त वेळ मोजायचे ठरले आहे. त्याच्या पुढचा भागच नाही.

मलप्रभाकाठ

हे उत्तर मला समाधान देणारे आहे. पण यातून माझाच मुद्दा बळकट होतो. जे प्राण्याशिवाय कळू शकते ते सगळे आधी संपवा, आणि ज्यासाठी जिवंत शरीर लागतेच तेवढेच त्याच्याकडून मागा.

शहापूरचे_वैद्य

दगडी पाल्याविषयी एक माहिती देतो, कारण अनेकदा या पाल्याला प्राचीन आयुर्वेदीय औषध म्हणून पुढे केले जाते. या वनस्पतीचे मूळ उष्णकटिबंधीय अमेरिकेत आहे, ती आपल्याकडे नंतर आली आणि तणासारखी पसरली. संहिताकाळी ती येथे नव्हती. तिचा वापर हा लोकपरंपरेचा आहे. त्याने तिची योग्यता कमी होत नाही, पण प्रस्तावात तसे खरे लिहावे.

सुश्रुताने रक्त थांबवण्याचे चार उपाय सांगितले आहेत: तुरट द्रव्यांनी संधान, थंडाव्याने स्कंदन, भस्माने पाचन आणि अग्निकर्माने दहन. यातले तुरट द्रव्यांचे काम आणि दगडी पाल्याचे काम एकाच जातीचे दिसते, कारण दोन्हींत टॅनिन असते. टॅनिन प्रथिनांना साकळवते, म्हणजे त्यांचे गठ्ठे करते. आता माझी शंका अशी आहे, आणि ती औषधशास्त्राच्या मंडळींनी तपासावी: परीक्षानळीत अर्क टाकल्यावर जे घट्ट दिसते ते खरोखर फायब्रिनचे जाळे असते, की टॅनिनमुळे साकळलेली प्रथिने? डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात.

नमुना_निष्कर्ष

वैद्यबुवा, शंका अगदी मर्मावर आहे. याचा निवाडा प्राण्याला हात न लावता होऊ शकतो. थ्रॉम्बोइलास्टोग्राफीत गुठळी किती वेगाने आणि किती बळकट होते याचा आलेख मिळतो. त्याबरोबर फायब्रिनोजेन काढून टाकलेल्या प्लाझ्मात (रक्तातल्या पेशींविना द्रवात) तोच अर्क टाकून पाहावा. तेथेही तितकेच 'गोठले', तर ते गोठणे नव्हे, साकळणे आहे.

सीमेवरचा

माझी एक सूचना आहे. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया ठिकठिकाणी होत असतात. तेथे पोट उघडलेलेच असते. त्याच वेळी यकृताला छोटा छेद देऊन पूड तपासली, तर वेगळा प्राणी मारावा लागणार नाही. यावर जाणकारांचे काय मत आहे?

निपाणीचा_पशुवैद्य

नाही. हे कधीही करू नये, आणि मी ते थोडे ठामपणे लिहितो. नसबंदीसाठी आणलेले कुत्रे हे त्या शस्त्रक्रियेचे रुग्ण असते. प्राणी जन्मनियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांनुसार त्याला बरे झाल्यावर आपल्या जागी परत सोडायचे असते. ज्याच्या यकृताला आपण विनाकारण जखम केली आणि पोटात अपरिचित पूड टाकली, ते कुत्रे आठ दिवसांनी कोणत्या गल्लीत कण्हत पडले आहे, हे कोणाला कळणार? प्रयोगशाळेतला उंदीर निदान भुलीतून जागा न होता जातो आणि त्याची नोंद राहते. शिवाय परवानगीचाही प्रश्न आहे. प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली उंदीर, ससा अशा लहान प्राण्यांच्या प्रयोगांचा निर्णय संस्थेची नीतिसमिती घेते. कुत्रा किंवा डुक्कर यांच्यासाठी प्रस्ताव केंद्रीय समितीकडे जातो. मागच्या दाराने जाण्याची वाट येथे नाही आणि नसावीही.

हं, एक रास्त मार्ग आहे. ज्या कुत्र्याची शस्त्रक्रिया त्याच्याच आजारासाठी होत आहे, उदाहरणार्थ प्लीहेची गाठ काढणे किंवा निदानासाठी यकृताचा तुकडा घेणे, तेथे मालकाच्या लेखी संमतीने दोन आधीच मान्य असलेल्या साधनांची तुलना करता येते. संमतीपत्रक मात्र मराठी आणि कन्नड दोन्हींत असावे. निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागात एका भाषेतल्या कागदावर लोक न वाचता सही करतात, हे मी रोज पाहतो. पण ही वाट मान्य साधनांसाठी आहे, न तपासलेल्या पुडीसाठी नाही.

सीमेवरचा

समजले. संमतीचा विचार मनात आला नव्हता. आपले म्हणणे मान्य.

घाटप्रभा

चाकणकरांच्या दुसऱ्या उदाहरणाला जोडून, पुडीविषयीच एक इशारा देतो. पोटाच्या आत टाकलेली पूड धुऊन जात नाही. शस्त्रक्रियेच्या हातमोज्यांवर पूर्वी स्टार्चची भुकटी असे. तेवढ्यानेही पोटाच्या आतल्या पडद्याला सूज येऊन आतडी एकमेकांना चिकटत. अमेरिकेने २०१६ मध्ये भुकटीच्या हातमोज्यांवर बंदीचा निर्णय घेतला. मग पानाची पूड, जिच्यात तंतू, मातीचे कण आणि जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, ती यकृताच्या उघड्या शिरांवर टाकणे किती धोक्याचे आहे याचा विचार करावा. यकृताच्या शिरांतून शिरलेला कण थेट हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तेथून फुप्फुसात जातो. म्हणून रक्त थांबले म्हणजे काम झाले असे समजू नये. काही प्राणी जगवून, वेदनाशामक देऊन, दोन आणि चार आठवड्यांनी त्यांचे पोट, यकृत आणि फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागेल.

नमुना_निष्कर्ष यांना माझा एक विरोध नोंदवतो. त्यांनी चौथ्या गटासाठी स्टार्च सुचवला. पहिल्या, भुलीतच संपणाऱ्या टप्प्यात तो चालेल, पण जगवायच्या प्राण्यांत नको. तो स्वतःच चिकटाव निर्माण करून तुलना बिघडवेल.

नमुना_निष्कर्ष

मान्य. जगवायच्या टप्प्यात त्या गटाची आवश्यकताही नाही, त्यामुळे प्राण्यांची संख्याही कमी होईल.

मोजणीबद्दल आणखी थोडे. रक्त थांबण्याचा वेळ हे माप दिसायला सोपे पण डळमळीत आहे, कारण 'थांबले' हे पाहणाऱ्याने ठरवायचे असते. त्यासोबत आधी वजन केलेल्या गॉजने रक्त टिपून त्याचे वजन घ्यावे. उंदरात रक्त किलोमागे सुमारे ६४ मिलिलिटर असते, म्हणजे ३०० ग्रॅमच्या उंदरात जेमतेम १९ मिलिलिटर. इतक्या थोड्या रक्तात गॉज उघड्यावर ठेवून वाळले तरी आकडा बदलतो, म्हणून ते लगेच झाकलेल्या डबीत ठेवावे. रक्तदाब आणि शरीराचे तापमान सतत नोंदवावे. ज्याचा रक्तदाब भुलीमुळे घसरला त्याचे रक्त आपोआप कमी वाहते, आणि गारठलेल्याचे उशिरा गोठते. या दोन नोंदी नसलेले निकाल मी तरी विश्वासाने वाचत नाही.

रामदुर्गवासी

ससा का नको? त्याचे यकृत मोठे असते, मोजणी सोपी होईल.

निपाणीचा_पशुवैद्य

ससा चालतो आणि अनेकांनी वापरलाही आहे, पण तो भुलीला नाजूक असतो आणि हाताळण्याच्या धसक्यानेही दगावू शकतो. नवख्या हातांनी सशावर सुरुवात करू नये.

जांबोटीवाट

सर्वांचे प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतले आणि माझ्या मार्गदर्शकांनाही दाखवले. मूळ दोन प्रश्नांकडे परत येते.

त्वचेवरून यकृताकडे थेट उडी घेणे योग्य नाही, असे आता माझे मत झाले आहे. प्रबंधाचा पहिला आणि कदाचित एकमेव भाग प्राण्याशिवायचा असेल. त्यात अर्क प्रमाणित करणे, त्यातील टॅनिनचे प्रमाण ठरवणे, साध्या आणि फायब्रिनोजेन नसलेल्या प्लाझ्मातली तुलना, हेपॅरिन घातलेल्या व सलाइनने पातळ केलेल्या रक्तातली तुलना, तांबड्या पेशी फुटतात का याची तपासणी, आणि पूड निर्जंतुक केल्यावर तिचा गुण टिकतो का हे पाहणे. वैद्यबुवांच्या शंकेचे उत्तर 'साकळणे' असे आले, तर उंदरापर्यंत जायचेच नाही आणि तो निकाल तसाच प्रसिद्ध करायचा, असे आम्ही ठरवले आहे. उत्तर वेगळे आले तर पुढचा प्रस्ताव नीतिसमितीकडे जाईल. त्यात दाबाचा गट, मान्य रक्तस्तंभकाचा गट, मंदावलेल्या गोठणशक्तीचा गट आणि जगवून पाहण्याचा टप्पा असेल, आणि संख्या आधी गणिताने काढलेली असेल.

छेद, दाब आणि टिपण्याचा सराव खाटकाकडून आणलेल्या शेळीच्या ताज्या यकृतावर करावा, असे मार्गदर्शक म्हणाले. यकृताच्या शिरेत नळी बसवून त्यातून रक्त सोडले, तर पाझरही दाखवता येईल. त्यासाठी रक्तही खाटकाकडूनच, सोडियम सिट्रेटमध्ये आणले तर चालेल का?

मलप्रभाकाठ

आपण 'उंदरापर्यंत जायचेच नाही' हे आधीच लिहून ठेवले, याबद्दल आपले मनापासून आभार.

निपाणीचा_पशुवैद्य

यकृताच्या सरावासाठी आणि पाझर दाखवण्यासाठी ते रक्त चालेल, गोठण्याच्या मोजमापासाठी चालणार नाही. मान कापल्यावर बाहेर पडणारे रक्त कापलेल्या मांसाला आणि कातडीला लागून येते. ऊतीतला घटक त्यात मिसळतो आणि सिट्रेटमध्ये पडण्याआधीच गोठण्याची साखळी सुरू झालेली असते. मोजमापासाठी जिवंत शेळीच्या मानेच्या शिरेतून पशुवैद्याने, मालकाच्या संमतीने आणि समितीला कळवून, थोडेसे रक्त घ्यावे. पहिले दोन-तीन मिलिलिटर टाकून द्यावे, नंतरचे ३.२ टक्के सिट्रेटच्या नळीत एकास नऊ या प्रमाणात भरावे, नळी हलकेच उलटसुलट करावी, हलवून फेस आणू नये, आणि चार तासांच्या आत तपासावे. निपाणीहून बेळगावला तेवढ्या वेळात पोहोचता येते. नळ्या आपण आणा, शेळ्यांच्या मालकांशी मी बोलतो.

येळ्ळूरशिवार

माझ्या गोठ्यात चार शेळ्या आहेत आणि येळ्ळूर बेळगावला लागूनच आहे. डॉक्टर येणार असतील तर माझी संमती आत्ताच धरा, मराठीत.